विसाला एक

आमच्या घरमालकांबरोबर रस्त्यानं चालणं म्हणजे कुत्रं फिरवायला नेण्यासारखं होतं. दर दहा पावलांवर ते थांबायचे. कधी विजेच्या खांबाशी, कधी दूध केंद्राच्या पत्र्याशी, कधी कुणाच्या तरी कंपाउंडच्या भिंतीशी. नाक भिंतीला टेकेल इतके जवळ जायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि पुटपुटायचे, "वा! काय ओघळ आलाय!" मग माझा दंड धरून ओढायचे. "अरे, बघ ना नीट. गजाचा गंज पावसात सुटला, खाली आला, इथं चुन्यात मुरला. वर तपकिरी, मध्ये केशरी, खाली पिवळट. हा रंग बाजारात विकत मिळत नाही."

मला त्या ओघळात काही दिसायचं नाही. मला दिसायचं ते वरच्या खिडकीतून आमच्याकडे संशयानं बघणारं तोंड. मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. घराबाहेर पडल्यावर कुलूप लागलं की नाही ते बघायला मी अर्ध्या वाटेतून परत येतो. गॅसचं बटण तीनदा तपासतो. अशा माणसाच्या नशिबी असा घरमालक यावा, ही देवाची चेष्टाच म्हणायची.

ऐंशीचं दशक अर्धं उलटलं होतं. लग्न होऊन आम्ही नुकतेच मुलुंडला राहायला आलो होतो. बिल्डिंग मालकांच्या वडिलांनी बांधलेली, तळमजला आणि वर दोन मजले. मागच्या बाजूला प्रत्येक मजल्यावर लांब गॅलरी, गॅलरीत सगळ्या खोल्यांची दारं आणि एका टोकाला जिना. जिन्याला पोहोचायचं तर गॅलरीतूनच जावं लागे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मालक विधुर होते, तळमजल्यावर पुढच्या बाजूच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून जन्म काढलेला. सगळे त्यांना काका म्हणत आणि पाठीमागे टेपकाका, कारण खिशात रुमाल नसला तरी मोजायची टेप असायचीच.

काका मॉडेल करायचे. पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, सायकलचे स्पोक, जुन्या रेडिओतल्या तारा, यांतून मुलुंडमधली खरीखुरी घरं आणि दुकानं. माप ठरलेलं, विसाला एक. खरं वीस फूट ते मॉडेलमध्ये एक फूट. दुकानांची शटरं वर-खाली व्हायची. पानवाल्याच्या ठेल्यावर चुन्याची बोटं पुसलेली दिसायची, तीही त्याच्या डाव्याच बाजूला, कारण तो पानवाला डावखुरा होता. हे सगळं काका बाहेर हिंडून गोळा करायचे. "घरात बसून काढलेलं सगळं सरळ येतं," ते म्हणायचे, "आणि सरळ आलं की समजायचं खोटं. जगात सरळ भिंत नाही. चारही कोपरे मोजायचे. एक मोजून बाकीचे तसेच धरणं ही चोरी आहे." मॉडेल होत आलं की ते टेप घेऊन पुन्हा मूळ जागी जायचे आणि सगळं परत मोजायचे. आणि पुरं होईपर्यंत ते कुणाला दाखवायचे नाहीत. खोलीला कुलूप. घरात भांडी घासणाऱ्या बाईंनासुद्धा आत प्रवेश नव्हता.

एकदा स्टेशनाजवळच्या पादचारी पुलाखाली त्यांनी कॅलिपर काढून लोखंडात ठोकलेले रिव्हेट मोजायला सुरुवात केली. ते दिवस कसे होते! बेवारशी ट्रान्झिस्टरला हात लावू नका, सीटखाली बघून बसा, अशा पाट्या जागोजागी लागलेल्या. आणि हे गृहस्थ पुलाखाली उकिडवे बसून वहीत आकडे लिहितायत. मी "काका, चला ना" म्हणेपर्यंत हवालदार आलाच.

"काय चाललंय?"

"रिव्हेट मोजतोय."

"कशाला?"

"पूल करायचाय."

"हा काय दिसत नाय काय?"

"हा नव्हे. माझा. पुठ्ठ्याचा."

चौकीत आम्हाला दीड तास बसवलं. काकांची शबनम पिशवी टेबलावर उलटी केली, तर आतून निघाल्या कॅमेऱ्याच्या रोलच्या अकरा डब्या आणि प्रत्येकीत कसली ना कसली पूड. हवालदारानं डब्यांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. "हा गंज आहे, ही विटकर, ही बेकरीच्या भिंतीवरची काजळी," काका एकेक डबी उघडून त्याच्या नाकाखाली धरत होते. माझ्या डोळ्यांपुढे माझी नोकरी, बायको आणि पेपरातला फोटो असं सगळं एकदम आलं. शेवटी साहेब आले. त्यांनी वही चाळली, दूध केंद्राच्या चित्रापाशी थांबले आणि म्हणाले, "हा कोपरा चेपलेला आहे, तो टेम्पोनं ठोकला. माझ्यासमोर ठोकला. तुम्ही तोपण काढलात?" त्या चेपलेल्या कोपऱ्यानं आम्हाला सोडवलं. दारातून बाहेर पडताना काका मागे वळून म्हणाले, "साहेब, तुमची चौकट डावीकडे सहा मिलीमीटर कललीय हां." मी त्यांना अक्षरशः ओढत रस्त्यावर आणलं.

पण त्यांच्या टेपची खरी भीती वेगळीच होती. त्यांनी एक जुना बंगला मोजला, मॉडेल केलं आणि वर्षाच्या आत बंगला पडून तिथं बिल्डिंग उभी राहिली. मग सोडावॉटरचं दुकान गेलं. मग एक बैठी चाळ गेली. आता काका जुन्याच गोष्टींच्या मागे लागायचे, आणि त्या वेळी मुलुंडमध्ये जुनं ते सगळं पाडायचीच घाई चालली होती. त्यात नवल ते काय? पण बाजारात बोलवा झाली ती झालीच. एक गुजराती किराणावाले तर काका दिसले की गल्ल्यावरून उठून हात जोडायचे. "काका, हमारी दुकान को टेप मत लगाओ. बालबच्चेवाला आदमी हूँ." लोक हसायचे. मीही हसायचो, पण काकांची टेप आमच्या दाराकडे वळू नये म्हणून जपायचो.

म्हणून माझ्या बायकोनं जेव्हा काकांना म्हटलं, "काका, आपल्या बिल्डिंगचं करा ना एकदा," तेव्हा मी तिला डोळ्यांनी दटावलं. तिला दिवस गेले होते. उलट्यांनी बेजार होऊन दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायची, आणि काका खाली अंगणात आले की त्यांच्याशी गप्पा मारायची.

"आपल्या घरात बघण्यासारखं काय आहे?" काका म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीच गॅलरी खालून नीट केलीय मी. तडे दिसत होते, ओंगळ वाटत होतं. स्वतः गिलावा केला, चुना मारला. आता नुसती पांढरी. त्यात काय मजा?"

"मग मला बघायला मिळणार नाही तुमचं एकही नवं मॉडेल," ती म्हणाली. "बाळंतपणाला मी गावी जाणार."

काकांना मूलबाळ नव्हतं. दसऱ्याच्या आधी एका सकाळी ते टेप आणि ओळंबा घेऊन आमच्या गॅलरीत उभे दिसले. कठड्यावरून ओळंबा खाली सोडून जमिनीपर्यंतची उंची मोजत होते. मी चहाचा कप घेऊन दारात आलो आणि तसाच आत गेलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. बायको म्हणाली, "अहो, शिकलेसवरलेले ना तुम्ही?" शिकलेला माणूसही घाबरतो हे तिला कसं पटवायचं?

दिवाळीनंतर काकांचं काहीतरी बिघडलं. त्याच वर्षी त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. एक दिवस मला जिन्यात गाठून ते हळू आवाजात म्हणाले, "अरे, गॅलरीचं माप चुकलं माझं. पहिल्यांदा घेतलं त्यात आणि आताच्यात नऊ मिलीमीटरचा फरक." आयुष्यात पहिल्यांदा पेपर कोरा दिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "चष्म्याचा नंबर बदलला असणार." त्यांनी चष्मा बदलला. मॉडेलची गॅलरी सोडवून नव्या मापानं पुन्हा चिकटवली. संक्रांतीनंतर परत मोजलं, परत चुकलं. परत चष्मा बदलला, परत गॅलरी सोडवली. बिल्डिंगमध्ये चेष्टा सुरू झाली. "काका, आता डोळाच बदला." काका हसायचे नाहीत. संध्याकाळचं त्यांचं हिंडणंही बंद झालं. मी मात्र मनातून खूश होतो. म्हटलं, मॉडेल पुरंच नाही झालं तर बरं. बिल्डिंग वाचली.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. सासूबाई मालवणहून आल्या. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत झोपाळा टांगून त्याला झेंडूच्या माळा गुंडाळल्या. सगळ्या बिल्डिंगमधल्या बायका, शिवाय तिच्या शाळेतल्या मैत्रिणी, माहेरच्या मावश्या. शनिवार होता. मी ऑफिसातून तीनच्या सुमाराला आलो, तर वर गाणी रंगात आलेली, आणि काका मागच्या अंगणात पायरीवर बसलेले. मांडीवर टेप, हातात वही, डोळ्यांत पाणी.

"माझं संपलं रे," ते म्हणाले. "आज तिला मॉडेल द्यायचं होतं. सकाळी शेवटचं मोजलं, तर चुकलं. आत्ता परत मोजलं, तर तेही चुकलं. एका दिवसात दोनदा! आता पेन्सिलीला हात लावायचा नाही मी."

मी वही घेतली. समजूत घालायला काहीतरी बोलायचं म्हणून आकडे वाचले. दसरा ६४१२. दिवाळी ६४०३. संक्रांत ६३९१. आज सकाळी ६३८६. आज दुपारी ६३७९.

मी हिशेबनीस माणूस नाही, पण भित्र्या माणसाला वाईट तेवढं लवकर दिसतं.

"काका," मी म्हटलं, "चूक असती तर कधी वर गेली असती, कधी खाली. ही दरवेळी खालीच कशी येते?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान वर करून गॅलरीच्या पांढऱ्याशुभ्र पोटाकडे पाहिलं. वर कुणीतरी झोपाळ्याला झोका दिला आणि सगळ्या बायका खळखळून हसल्या. वरून चिमूटभर चुना निसटला आणि वहीच्या उघड्या पानावर पडला.

माझी बायको वर झोपाळ्यावर बसली होती.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि काकांनी माझं मनगट धरलं. "ओरडू नकोस. ओरडलास तर सगळ्या एकदम जिन्याकडे पळतील. पळायची वाट तीच आहे, गॅलरी." हे मला सुचलं नसतं. मी ओरडलोच असतो, आणि काय झालं असतं ते मी आजही डोळ्यांसमोर आणत नाही.

"मग काय करायचं?"

"सांग त्यांना, मॉडेल तयार झालंय. काका दाखवतायत. खोली लहान आहे, म्हणून दोघी-दोघींनी यायचं. पहिल्यांदा तिला पाठव. आणि भिंतीच्या बाजूनं चाला म्हणावं. कठड्याला टेकू देऊ नकोस कुणाला." मग अंगणात खेळणाऱ्या पोरांना त्यांनी चॉकलेटचं आमिष दाखवून पुढच्या बाजूला नेलं.

मी जिना चढलो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत लांब जिना. गॅलरीत पहिलं पाऊल टाकताना मी भिंत धरली होती आणि तोंडभर हसत होतो. "चला चला, काकांचं मॉडेल तयार झालंय! उत्सवमूर्ती पहिली!" चारपाच महिने त्या बंद खोलीत काय चाललंय याची सगळ्यांना उत्सुकता होती. बायका लगेच उठल्या. एकदम उठल्या, तेव्हा पायाखाली काहीतरी बारीक कुरकुरलं. की मला भास झाला? "दोघी-दोघी! आणि भिंतीकडून हां, इकडे तेल सांडलंय." माझी बायको हिरव्या साडीत, फुलांचे दागिने सावरत माझ्याजवळून गेली. "तुम्हाला इतका घाम का आलाय हो?" तिनं विचारलं. "उकडतंय," मी म्हणालो.

दोघी गेल्या. मग दोघी. मध्येच एक विसरलेली पर्स घ्यायला परत आली, तिला मी जवळजवळ ढकललं. शेवटी उरल्या सासूबाई. ओटीचं ताट पुढ्यात घेऊन, कठड्याला पाठ टेकून बसलेल्या.

"ओटी भरूच्या आधी बायकांका उठवतास?" त्या कडाडल्या. "ह्यो खंयचो धर्म? मी नाय हलूचंय. परत येऊ देत सगळी, मगे बघूया."

मी त्यांच्याजवळ वाकलो आणि कानात सांगितलं, "आई, गॅलरी पडतेय."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. नारळ, तांदूळ, खण, सगळं पदरात गोळा केलं, एका हातानं भिंत धरली आणि सावकाश चालत जिन्यापर्यंत गेल्या. मी त्यांच्या मागे. जिन्यावर पाय टेकल्यावर मी खालीच बसलो.

काकांच्या खोलीत पुढच्या बाजूला चाळीसेक माणसं कोंबली होती. मॉडेल टेबलावर होतं. आमचीच बिल्डिंग, कठड्यावर वाळत घातलेल्या बोटभर साड्यांसकट. बायका हात लावत होत्या, बांगड्या आपटत होत्या. कुणाच्या तरी पदरानं गच्चीवरची टाकी उडाली. मॉडेलजवळ जोरात श्वास घेतला तरी ओरडणारे काका हात जोडून उभे होते आणि म्हणत होते, "बघा, बघा. सावकाश बघा. कुठे जायचं नाही अजून."

शेवटची बाई आत आल्यावर त्यांनी खरं सांगितलं. मग काय, वाटच लागली. त्या रात्री वरच्या मजल्यांवरची बिऱ्हाडं काकांच्या खोल्यांत आणि पुढच्या अंगणात झोपली. जिन्याला दोरी बांधली. रविवारी दिवसभर गॅलरी जागच्या जागी होती आणि लोकांचा राग वाढत होता. "मालकाला बिल्डिंग खाली करून पाहिजे, दुसरं काय," तळमजल्यावरचा एकजण मोठ्यानं म्हणाला. "बिल्डर गाठलाय म्हाताऱ्यानं. बाकी सगळं नाटक." दुसरा म्हणाला, "एवढी पांढरीशुभ्र गॅलरी, एक तडा दाखवा ना!" सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. मलाही वाटायला लागलं, आपल्या भित्रेपणापायी बायकोचं डोहाळजेवण मोडलं. भीतीचं असं असतं, खरी ठरली तरी पंचाईत, खोटी ठरली तरी पंचाईत.

सोमवारी काकांनी मिस्त्री बोलावला आणि सगळ्यांना समोर लांब उभं केलं. "गिलावा काढ," ते म्हणाले. "आतलं लोखंड सगळ्यांना बघू दे." मिस्त्री जिन्यावर उभा राहिला, कमरेला दोर बांधला आणि हात लांब करून त्यानं घणाचा एक घाव घातला.

एकच. दुसरा घालावा लागला नाही. दुसऱ्या मजल्याची अख्खी गॅलरी झोपाळ्याखालून निघाली, पहिल्या मजल्याची सोबत घेऊन अंगणात आली. धूळ बसेपर्यंत कुणी हललं नाही. मिस्त्री खाली आला, ओट्यावर बसला आणि पाणी मागितलं. तो घोट घेताना ग्लास त्याच्या दातांवर वाजत होता.

काका ढिगाऱ्याजवळ गेले. गिलाव्यातून बाहेर आलेल्या सळईला त्यांनी हात लावला, तर तिचे पापुद्रे त्यांच्या बोटांवर सुटून आले. उभ्या मुलुंडच्या भिंतींवरचा गंज त्यांनी नाक लावून बघितला होता. काखेत कळसा म्हणतात तसं झालं, आणि कळसा झाकला होता त्यांनी स्वतःच. पण ते बोलले ते वेगळंच. "गंज दिसला नाही याचं वाईट नाही वाटत मला. तो आत होता. पण चार महिने बिल्डिंग मला आकडे सांगत होती, आणि मी चष्मे बदलत बसलो."

त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्याच खोलीत होतो. बायको पलंगावर बसली होती, सासूबाई तिच्या पाठीला तेल लावत होत्या. काका आले आणि तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"पोरी, हा वर यायच्या आधी गॅलरीत माणसं किती होती?"

"असतील पस्तीस-चाळीस."

"तसं नको. नीट मोजून सांग."

ती बोटांवर एकेक नाव घ्यायला लागली. बिल्डिंगमधल्या, मग शाळेतल्या, मग मावश्या. कुणाच्या कडेवर दोन मुली होत्या, त्या धरल्या. सासूबाई मध्येच "कुसूम ऱ्हवली" म्हणाल्या, तीही धरली. काका डोळे मिटून ऐकत होते.

"सदतीस," ती म्हणाली.

"स्वतःला धरलंस?"

"धरलं ना."

"मग अडतीस," काका म्हणाले.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिचे दोन्ही हात आपोआप पोटावर गेले. काका तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसले.